मयताचा रंग कोणता?

"मी आशयाचा गुप्तहेर आहे," ओफोसुहेने नावाचे प्राध्यापक डॉक्टर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. "चोराला पकडायला पोलीस आहेत. समाजाला पकडायला मी." समाज अजून हाती लागला नव्हता, पण त्यांच्या तावडीत सापडलेली विद्यार्थिनी पोकुआ मात्र कुठे पळूही शकत नव्हती.

कुमासी शहराच्या भिंतींवर लागणाऱ्या अंत्यविधीच्या पोस्टरांचं आशय विश्लेषण, हा तिचा प्रबंध. लाल किनार म्हणजे अकाली गेलेला, दुःख. नुसतं काळं-पांढरं म्हणजे म्हातारपणी भरल्या घरातून गेलेला, उत्सव. दोन कोडरांनी वेगवेगळं बसून प्रत्येक पोस्टरवर दुःख की उत्सव अशी खूण करायची आणि खुणा जुळल्या तरच अभ्यास खरा. डॉक्टरांचे नियम कडक होते: फक्त रंग बघा, डोकं चालवू नका, आपसात बोलू नका. पोकुआनेही कोडरांशी बोलायचं नाही. पोस्टरं पाकिटात बंद होऊन डॉक्टरांच्याच हातून जाणार.

खुणा जुळल्या नाहीत. पहिली कोडर सेरवा हिच्या मते अर्धं शहर शोकात होतं. दुसरा कोडर बेंटिल याच्या मते कुमासीत कोणी तरुणपणी मरतच नव्हतं. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, नाहीतर पोकुआचं वर्ष बुडालं.

"घातपात!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "बेंटिलला शवपेट्यावाल्यांनी फितवलंय."

"त्यांना काय फायदा, सर?"

"मरण आनंदाचं ठरलं की गिऱ्हाईक वाढेल."

"गिऱ्हाईक काय आनंदाची वाट बघत थांबलंय?"

"मग तो प्रेमात पडलाय. प्रेमात सगळं गोड दिसतं."

"तरणाताठा फुटबॉलपटू गेलाय, सर. त्यालाही उत्सव?"

"प्रेम फार खोल आहे."

"मी सरळ त्यालाच विचारू का?"

"विचारायचं? शास्त्रात विचारत नाहीत, अनुमान काढतात!"

तिसरा संशय त्यांनी पोकुआवरच घेतला आणि मक्याची केंकी आणि मासळी संपेपर्यंत तिची उलटतपासणी केली. केंकी तिच्याच डब्यातली होती. पोकुआला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात बेंटिल पाकीट परत करायला आला. डॉक्टरांच्या पाठीमागची भिंत पोस्टरांनी भरलेली होती, मधून गुप्तहेरी दोरे ओढलेले.

"सर, रंगीत होती तर मला झेरॉक्स कशाला दिलीत?"

पोकुआने त्याच्या हातातलं पाकीट ओढून उघडलं.

"आणि तू बोलला नाहीस?" पोकुआ किंचाळली.

"डोकं चालवायचं नाही, असा नियम होता ना?"

सेरवाचं काम झाल्यावर डॉक्टरांनी मूळ पोस्टरं भिंत सजवायला ठेवून घेतली होती. विभागाच्या मशीनला काळ्या शाईपलीकडे काही ठाऊक नव्हतं. लाल किनारी साफ काळ्या झाल्या होत्या आणि सगळं शहर म्हातारपणी, सुखात मेलं होतं.

"म्हणजे गुन्हेगार झेरॉक्स मशीन!" डॉक्टर म्हणाले. "मला पहिल्यापासून संशय होता. पण हा कोडर आता नासला. नवा लागेल. या अभ्यासात ज्याने आजवर काडीचंही काम केलेलं नाही, असा. आणि उद्या शनिवार, अंत्यविधींचा वार, सगळं शहर तिकडे जाणार. असा माणूस मिळायचा कुठे?"

"आहे एक, सर," पोकुआ म्हणाली. तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि हातात पेन्सिल दिली.

डॉक्टरांना तो बहुमान वाटला. शनिवार-रविवार ते इमानाने खुणा करत बसले. सोमवारी आकडे जुळले आणि प्रबंध वेळेत गेला. त्यात आभारांच्या पानावर डॉक्टरांचं नाव पोकुआने आठवणीने घातलं, आणि त्यापुढे लिहिलं: कोडर क्रमांक दोन.