पुडीतला कळप

पाटोद्याच्या दवाखान्यातून निघतानाच अंगदने मनाशी पक्कं केलं : या खेपेला बायकोच्या, संगीताच्या, पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट आपण स्वतः उकळायची. विचार साधा होता, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच पोटातलं बाळ गेलं होतं. आता पाचवा सरत आला, तरी संगीताचं पोट सारखं बिघडायचं, वजन काही वाढेना. अंगदच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पुड्या दिल्या होत्या. "यात चांगले जंतू आहेत, जिवंत. पोटाला मदत करतात. थंड जागी ठेवा."

जिवंत म्हटल्यावर अंगदमधला मेंढपाळ जागा झाला. (पन्नास मेंढरं राखणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.) पुड्यांचा डबा त्याने माठाला टेकवून ठेवला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं. ते तो दिवसातून दोनदा बदलायचा. आणि मग त्यातली एक पुडी काढून खळखळत्या पाण्यात टाकायचा!

"आरं, ताक तरी पिऊ दे तिला," त्याची आई, रतनबाई, म्हणाली. त्याने तेही उकळलं. ताक फाटलं, आई चिडली. संगीताने मात्र ते चोथापाणी निमूट गिळलं. नवऱ्याच्या मनातली भीती तिला कळत होती. तीच तिलाही होती.

पंधरा दिवसांनी वजन तेवढंच. संगीताला घेऊन अंगद भांडायच्या तयारीनेच दवाखान्यात शिरला.

"म्याडम, तुमच्या पुडीनं काहीच फरक न्हाई. कावून?"

"कशात देता?"

"उकळत्या पान्यात. धा मिन्टं. कसर न्हाई ठेवली."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, जिवंत आहेत ना ते? उकळल्यावर जगतील का? पाणी आधी उकळा, पार गार होऊ द्या, मग पुडी घाला."

अंगद मटकन बाकावर बसला. "आजवर एक कोकरू मेलं न्हाई वो माझ्या हातनं..."

"एका पुडीत कोट्यवधी असतात," बाई म्हणाल्या.

संगीता पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून अंगदला लाजतानाही बरं वाटलं.

बाईंनी एक औषधही बदललं. महिन्याभरात पोट ठिकाणावर आलं आणि काटा दीड किलोने सरकला. अंगद आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला.

"बाळाला पहिली अंघूळ मीच घालनार," त्याने जाहीर केलं.

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं.

"घाला की," संगीता म्हणाली. "पन पानी आत्याबाई तापवतील."