नानांची वैरीण

हिराजी नाना म्हात्र्यांच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीवर फुलाफुलांची चादर दिसली, की समजायचं, आज ताटात मावरं, म्हणजे खायची मासळी, आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार चादर. बाकीच्या दिवशी टाकी उघडी, आणि लाल-पिवळे मासे नानांच्या वरणभाताकडे टकामका बघत फिरत असतात.

"चादर कशाला हो नाना?" खालच्या मजल्यावर नवीन राहायला आले तेव्हा मी विचारलं होतं.

"तुज्यासमोर तुजा भाऊबंद तलला तं कसा वाटंल तुना, सूनबाय?"

"मग खाता कशाला?"

"मावरं वेगलं, मासली वेगली," नाना म्हणाले, चादरीचं टोक नीट खोचलं आणि सुरमईच्या तुकडीकडे वळले. इतक्या गंभीरपणे, की आपणच काहीतरी वाह्यात बोललो असं मला वाटलं.

नाना मूळचे शिरवण्याचे. बापजाद्यांनी खाडीत जाळी टाकली, नानांनी तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर वाशीहून पाण्याने फुगलेल्या पिशव्यांतून रंगीत मासे आणायला लागले. घरी आणलेल्या माशालाच खायला घालणारा त्यांच्या घराण्यातला हा पहिला पुरुष. आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा नानांच्या पत्नी, काकी, नुकत्याच वारल्या होत्या, मुलगा पुण्याला, त्यामुळे घरात नाना आणि मासे एवढंच बिऱ्हाड.

माशांना नाती दिलेली. कपाळावर भलंमोठं टेंगूळ असलेला लाल फ्लॉवरहॉर्न म्हणजे व्याही. तो कुणालाच जवळ येऊ देत नाही, म्हणून त्याला वेगळी टाकी. "खरा व्याही पन असाच हाय. कपाल फुगवून बसतो, बोलत काय नाय." झुपकेदार शेपट्या मिरवणाऱ्या गोल्डफिश म्हणजे करवल्या. टाकी धुवायची असली की हे सगळं वऱ्हाड टबात बसून गच्चीवर ऊन खायला जायचं.

आणि तिथेच घात झाला. गच्चीवर बंद पडलेल्या डिशच्या सांगाड्यात एक घार घरटं करून आहे. तिने एके दिवशी टबातली थोरली करवली अलगद उचलली आणि कठड्यावर बसून, नानांच्या डोळ्यांदेखत, शेपटीसकट खाल्ली. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला नाना घारीच्या कागाळ्या सांगतात. "चोट्टी. वैरीन हाय ती माजी. तिचे डोले बघ, डोले. पक्की दरोडेखोर."

या वर्षी घारीला पिल्लं झाली आणि ती जास्तच पिसाळली. आमचे चेअरमन सबनीस गच्चीवर प्राणायाम करत होते, तिने वरून झेप घेऊन त्यांच्या टकलावर नक्षी काढली. झालं. रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव करायचा, माणूस बोलवायचा आणि घरटं उतरवायचं असं ठरलं. मी सेक्रेटरी. ही गोड बातमी नानांना आधी द्यावी म्हणून उड्या मारत वर गेले.

"नाना, तुमची वैरीण चालली. रविवारी घरटं काढतोय."

नाना व्याह्याला दाणे घालत होते. हात तसाच पाण्यावर राहिला.

"पिल्लं हायेत तिना," ते म्हणाले.

"म्हणून तर अंगावर येते ना."

मला वाटलं, म्हातारा आनंदाने गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी, मीटिंगमध्ये दाखवायला घरट्याचा फोटो काढावा म्हणून मी नवऱ्याचं हेल्मेट घालून गच्चीवर गेले. अकराचं ऊन रणरणत होतं. बघते तर नाना. लेंगा, बनियन, आणि डोक्यावरून खांद्यावर घेतलेला जांभळ्या लुगड्याचा पदर. हातात माशांची डोकी. ती दरोडेखोर त्यांच्यापासून हातभर अंतरावर कठड्यावर बसून निवांत जेवत होती.

मी फस्सकन हसले. त्या आवाजासरशी घार उठली ती थेट माझ्या हेल्मेटवर. नानांनी झटकन मला जवळ ओढून तो पदर माझ्याही डोक्यावर टाकला. घारीने एक गिरकी घेतली आणि मुकाट्याने पुन्हा कठड्यावर बसली.

"नाना, हे काय?"

"लुगडं."

"ते दिसतंय. कुणाचं?"

"आमचीचं." नाना घारीकडेच बघत होते. "ती बाजारात बसायची मावरं इकायला. घरी आली का उरलेली डोकी हिच्यासाठी वर आनायची. मी भांडायचो. मी मासली पालतंय नि तू मासली खानारी पालतंस. रोज भांडायचो."

"मग?"

"ती गेली. मी डोकी घेवून आलो, तं ही माज्याकडं ढुंकून बगत नाय. वरच्या वर नुसत्या घिरट्या. मग मी हे काढलं कपाटातून." त्यांनी पदर सारखा केला. "लगेच आली खाली."

मी हेल्मेट काढलं.

"हिला कोनी सांगितलंच नाय, सूनबाय," नाना हळूच म्हणाले. "आवऱ्या मोठ्या जगात ही एकटीच हाय, जिला वाटतं आमची अजून हाय. तिना कशाला सांगायचं?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

रविवारी मीटिंगमध्ये मी धडधडीत खोटं बोलले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघायचंय, ते होईपर्यंत गच्ची बंद, घरटंही नंतर काढू, चावी चौथ्या मजल्यावर नानांकडे. सबनिसांनी टकलावरून हात फिरवत विचारलं, "पण म्हात्रे, तुमचा तर त्या घारीवर राग आहे ना?"

"हाय तं," नाना गरजले. "चोट्टी हाय ती."

आता आमच्या बांगड्यांची डोकीही मी पिशवीत घालून अकराच्या सुमारास वर नेऊन देते. नाना दार उघडतात, "त्या चोट्टीला आवरं सगलं कशाला?" म्हणतात आणि पिशवी घेतात. परवा दार उघडंच होतं. नाना पायात चपला घालून, काखेत लुगडं घेऊन निघाले होते. वार सोमवार, ताटात मावरं असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दोन्ही टाक्यांवर चादरी.

"आज कसल्या चादरी, नाना?"

नानांनी टाकीकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. "मी कोनाला जेवू घालतंय ते करवल्यांना ठावं नाय," ते कुजबुजले, आणि जिना चढायला लागले.