झौरेचा गुप्त शब्द

"गुप्त शब्द सांगा, आपा," फोनवरची मुलगी म्हणाली आणि झौरेची दातखीळ बसली.

शब्द तिला माहीत नव्हता असं नाही. नवऱ्यानं, ओराझनं, तिच्या नावावर शेअरचं खातं उघडलं तेव्हाच बजावून ठेवलं होतं, "गुप्त शब्द म्हणून बाबांचं नाव घातलंय. ते काही तू विसरायची नाहीस." आणि वर पोट धरून हसला होता. पुढे ओराझ गेला, खातं राहिलं. आता ती जुनी दलाल कंपनी गाशा गुंडाळत होती. शुक्रवारपर्यंत शेअर नव्या कंपनीकडे हलवले नाहीत, तर ते कधी मोकळे होतील हे सांगायला कुणी तयार नव्हतं. आणि ते विकूनच तर लेकीच्या, मोल्दिरच्या, शिवणकामासाठी बाजारातला गाळा घ्यायचा होता! मालकानं तो कसाबसा आठवडाभर थांबवून धरला होता.

पण सून सासऱ्याचं नाव घेत नाही. किझिलोर्दा शहरातल्या हल्लीच्या पोरी घेतात म्हणे, घेवोत बापड्या. झौरेच्या सासऱ्यांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून तिनं लोखंडाचंही नाव घेतलं नव्हतं. खिळे हवे असले की दुकानात बोट दाखवायची. सासऱ्यांना तिनं नवी नवरी असतानाच 'केर्बेज आता' म्हणायला सुरुवात केली होती. 'आता' म्हणजे आजोबा आणि केर्बेज म्हणजे ऐटबाज, आणि म्हातारा होताच तसा. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी तिरकी केल्याशिवाय पाव आणायलासुद्धा उंबरा ओलांडायचा नाही.

"आपा, ऐकताय ना?" फोनवरच्या मुलीनं, दिलनाझनं, विचारलं.

"ऐकतेय गं. ज्याचे खिळे करतात ना, ते."

"म्हणजे?"

"रेल्वेचे रूळ कशाचे असतात?"

"आपा, मी ओळखायचं नाहीये. तुम्ही सांगायचंय."

"सुटी अक्षरं सांगितली तर?"

"अख्खा शब्द लागतो."

"आमच्या घरातला मोठा माणूस आहे गं तो! मी कशी तोंडानं..."

"शब्दच आहे ना, आपा? म्हणून टाका की!" आल्माटीसारख्या मोठ्या शहरात वाढलेल्या दिलनाझला यात अवघड काय आहे तेच कळत नव्हतं. झौरेनं फोन ठेवला आणि ओराझच्या फोटोकडे वळून दात-ओठ खाल्ले. "मुद्दाम केलंस. जाता जाता माझी गंमत करून गेलास!"

संध्याकाळी मोल्दिरनं डोक्याला हात लावला. "एवढंच ना? मी सांगते. मला थोडीच बंदी आहे?" तिनं फोन लावला, आईसारखा घोगरा आवाज काढला आणि आजोबांचं नाव ठणकावून सांगितलं. पलीकडे दिलनाझच होती. आवाज दुसराच आहे हे तिनं झटकन ओळखलं. शब्दाची शहानिशा राहिली बाजूला, खात्यावर संशयाचा शिक्का बसला. आता खातेदारानं स्वतः बोलायचं, आणि दोनदा चुकलं की खातं गोठणार.

"छान केलंस," झौरे म्हणाली. "इतके दिवस मी नुसती अडाणी होते, आता चोर झाले."

"मग घे ना एकदा नाव! गाळा गेला तर मी जन्मभर लोकांच्या पँटी आखूड करत बसू?"

ते खरंच होतं, आणि म्हणूनच झौरेला रात्रभर रडू येत राहिलं.

शुक्रवार उजाडला. शेवटी तिनं सासऱ्यांपुढे चहाचा पेला ठेवला, मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही समजलं.

"मग मीच सांगतो त्यांना माझं नाव!" म्हातारा उसळला.

"तुमचं चालत नाही. माझ्याच तोंडून हवं."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. मग उठून टोपी घातली, ती तिरकी केली, दोन्ही तळहात वर उचलून दुवा दिला आणि म्हणाला, "घे, सूनबाई. मी परवानगी दिली. पण हळू घे."

झौरेनं फोन लावला. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, डोळे मिटले. "तेमिर," ती पुटपुटली आणि हुंदका आवरत भिंतीला टेकली. झालं. आयुष्यभर सांभाळलेलं गेलं, पण पोरीचा गाळा तरी वाचला.

"चूक, आपा," दिलनाझ म्हणाली.

"काय?"

"हा शब्द नाहीये. आता एकच संधी उरली."

झौरे मटकन खाली बसली. "नाही म्हणते," तिनं कसंबसं सांगितलं. "चूक म्हणते."

"माझं नाव चूक?" म्हातारा काठी आपटत फोनवर चालून आला. "दे इकडे! माझ्या बापानं ठेवलंय ते! ही कोण टिकोजी लागून गेली चूक म्हणणारी? विचार तिला, तिच्या आजाचं नाव काय? विचार!"

"केर्बेज आता, गप्प बसा हो!" झौरे जिवाच्या आकांतानं ओरडली.

फोनमध्ये कळफलकाची टकटक ऐकू आली.

"बरोबर, आपा," दिलनाझ म्हणाली. "आधी हेच नाही का सांगायचं? शेअर आजच नव्या कंपनीकडे जातील."

मोल्दिरनं आईला मिठी मारली. झौरे मात्र ओराझच्या फोटोकडे बघत राहिली. बाबांचं नाव घातलंय म्हणाला होता, आणि घातलं होतं ते तिनं ठेवलेलं. तिला तोंडानं घेता येईल असं. त्याला दिलेल्या शिव्या आता कशा परत घ्यायच्या, हे तिला कळेना.

"म्हणजे माझं नाव तू उगाचच घेतलंस?" मागून म्हाताऱ्यानं विचारलं. टोपी अजून डोक्यावरच होती.

झौरेनं डोळे पुसले. "कुणाचं नाव?" ती म्हणाली. "मी कुठे कुणाचं नाव घेतलं?" आणि चहा गरम करायला आत निघून गेली.