आधी चष्मा, मग कार्ड

चष्मेवाल्यांनी पुन्हा कार्ड घासलं आणि मशीनने पुन्हा नाही म्हटलं. गिऱ्हाइकाने नवाकोरा चष्मा काउंटरवर ठेवला आणि ते निघून गेलं, कारण खिशात रोख ठेवायची पद्धत आता त्या गल्लीतूनही उठली होती. चष्मेवाल्यांनी मशीन पुसलं, बंद करून सुरू केलं, त्याच्याकडे जरा डोळे वटारूनही पाहिलं. शेवटी बँकेला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की तुमचं दुकान काळ्या यादीत गेलंय आणि आता कुठलीच बँक तुम्हाला मशीन देणार नाही.

"अहो, पण मी केलं काय?"

"पैसे घेतले, पण सेवा दिली नाही, अशा बऱ्याच तक्रारी आहेत, सर."

उभ्या आयुष्यात चष्मेवाल्यांनी एक काच तिरकी बसवली नव्हती. बायकोने धीर दिला, पण दुकान रिकामं राहायला लागलं तसा तिचाही धीर सुटत चालला. त्यात मेहुणा रोज फोन करायचा. त्याची व्यायामशाळा होती आणि मन दंडाहूनही मोठं होतं.

"दाजी, कशाला डोक्याला ताप? दुकान बंद करा, माझ्याकडे काउंटरवर बसा. तुमच्या मापाचा टी-शर्ट काढून ठेवलाय."

चष्मेवाल्यांना तो टी-शर्ट स्वप्नात दिसायला लागला. पिवळा होता, आणि त्यावर गुरगुरणारा वाघ होता.

अशात एके दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका बाई चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या.

"चष्मा कसा आहे, बाई?"

"फर्स्टक्लास! मुंगीच्या मिशा दिसतात. अहो, त्याच्यामुळे तर एक भामटा पकडला मी. बँकेच्या हिशेबात बारीक अक्षरात काय, तर कुठल्याशा व्यायामशाळेने माझे पैसे कापलेत! या वयात मी काय दंड कमावणार आहे? ठोकली तक्रार. बागेतल्या आमच्या मंडळींनाही सांगितलं, तुम्हीही बघा म्हणून. तर त्यांनाही त्याच भामट्याने लुबाडलेलं!"

चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. "या मंडळींचे चष्मे..."

"तुमच्याकडचेच की. मीच तर पाठवते सगळ्यांना."

बायकोने धावत जाऊन जुनी पावती आणली. रक्कम ती रोज डोळ्यांत तेल घालून बघायची, पण वरचं नाव कोण वाचतंय? वर ठसठशीत मेहुण्याची व्यायामशाळा होती. मशीनसाठी अर्ज मेहुण्याने भरला होता, स्वतःचा अर्ज समोर ठेवून, जसाच्या तसा, नावासकट. गिऱ्हाइकांना ते दिसायचा प्रश्नच नव्हता. जुना चष्मा ट्रेमध्ये, नव्याची काडी अजून चष्मेवाल्यांच्या हातात, आणि तेवढ्यात बायको मशीन पुढे करायची. आणि चष्मेवाल्यांचं म्हणाल, तर त्यांचा स्वतःचा जवळचा नंबर केव्हाच वाढला होता. तपासायला वेळ कुणाला होता?

"मी वाढवलेलं प्रकरण, मीच निस्तरते," बाई म्हणाल्या. त्यांनी खुलाशाचं पत्र लिहिलं आणि बागेत प्रत्येकासमोर उभं राहून सह्या घेतल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण मेहुण्याला चूक कळली आणि त्याला राहवेना. ते पत्र घेऊन तो स्वतःच बँकेत गेला, टी-शर्टावरच्या वाघासकट. काळी यादी सांभाळणाऱ्या साहेबांनी विचारलं, "या दुकानाशी तुमचा संबंध काय?"

"दाजींचा धंदा म्हणजे आपलाच धंदा समजा, साहेब!" मेहुणा छाती फुगवून म्हणाला.

साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं. चष्म्याचं दुकान हा नुसता देखावा असावा, अशी त्यांची खात्री झाली आणि ते पाहणीला आले.

साहेब शांत होते. त्यांनी काचांची कपाटं पाहिली, डोळे तपासायची खुर्ची पाहिली. मग बाईंचं पत्र काढून ते हात लांब करून वाचायला लागले. हात आणखी लांब केला. पुढे हात संपला.

चष्मेवाल्यांना हे बघवेना. दुकान राहो न राहो, पण समोरचा माणूस असा वाचतोय म्हटल्यावर त्यांचा जीव तुटला. "बसा जरा," म्हणत त्यांनी साहेबांना खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत गेले.

"आता?"

साहेब वाचायला लागले. "‘आम्हा सर्वांना चष्मे वेळेवर मिळाले. ते इतके उत्तम आहेत, की त्यामुळेच आमच्या हातून ही तक्रार घडली.’" त्यांनी मान वर केली. "हे वाक्य बँकेत नव्हतं इथे."

"होतं, साहेब."

साहेबांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी दुकानाचं नाव यादीतून काढायचं कबूल केलं आणि स्वतःसाठी एक फ्रेम निवडली. त्या दिवशी चष्मेवाले बायकोसमोर चक्क रडले.

काही दिवसांनी खऱ्या नावाचं नवं मशीन आलं. ते सुरू करून द्यायला मेहुणा हजर झाला.

"तू हात लावू नकोस हं," बायकोने बजावलं.

"अगं ताई, माझं मशीन शेजारी ठेवतो, सेटिंग जुळवतो, की झालं!" आणि खरोखरच पाच मिनिटांत सगळं जुळवून, एक मशीन उचलून तो गेला.

दुपारी साहेब चष्मा घ्यायला आले. नव्या मशीनवरचं ते पहिलंच गिऱ्हाईक. बायकोने भिंतीवर पाटीच लावली होती, ‘आधी चष्मा, मग कार्ड’. त्यामुळे तिने आधी चष्मा घालायला लावला आणि मगच मशीन पुढे केलं. साहेबांनी कार्ड काढलं, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"वहिनी, इथे व्यायामशाळा लिहिलंय."

तेवढ्यात चष्मेवाल्यांचा फोन वाजला, आणि मेहुण्याचा आवाज फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू आला.

"दाजी, एक गंमत झालीय! सकाळपासून वर्षाची फी घेतोय मी सगळ्या पोरांची, आणि पावतीवर तुमच्या चष्म्यांचं नाव येतंय!"

चष्मेवाले मटकन स्टुलावर बसले. बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नवा चष्मा सावकाश काढला, घडी घातली आणि डबीत ठेवून डबी बंद केली.

"वहिनी, मला काही दिसलं नाही," ते म्हणाले आणि खिसे चाचपून रोख शोधायला लागले.