उन्हावर शेव

सजीवसृष्टीत जो तो दुसऱ्याच्या जिवावर जगतो; फक्त झाडं तेवढी उन्हात उभी राहून स्वतःच्या हिमतीवर जेवतात. हे सत्य इंदूरच्या विजय नगरातल्या एका कंपनीचे साहेब जयसिंगराव यांना भरपेट जेवण झाल्यावर उमगलं. (उपाशीपोटी अशी सत्यं सुचत नाहीत.) त्यांनी परिपत्रक काढलं : सूर्याची ऊर्जा पोह्यांमार्फत घेणे म्हणजे दलालामार्फत घेणे होय, सबब कर्मचाऱ्यांनी ती गच्चीवर थेट घ्यावी. आठवडाभरात प्रयोग जमला, की कॅन्टीन बंद.

कॅन्टीन प्रेमलताबाईंचं. त्यांचं घर त्यावरच चालायचं. विज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. पण ते नेमकं नाश्त्याच्या वेळीच का येतं, एवढं त्यांना कळेना.

सोमवारी सगळा स्टाफ गच्चीवर तोंडं वर करून उभा राहिला. बाई पाणी द्यायला हजर होत्या.

"मावशी," अकाउंट्सचा निशांत म्हणाला, "ऊन एकदम बढिया आहे, पण फिकं लागतंय हो. थोडी शेव टाका ना."

"उन्हावर कशी टाकू रे? खाली पडेल ना!"

"हातावर टाका. तिथे पण ऊन आहेच की."

इंदूरच्या माणसाला शेवेशिवाय काही उतरत नाही, हे साहेबांनाही मान्य होतं. शेव हे अन्न नसून सजावट आहे, असा त्यांनी लेखी खुलासा केला. सजावट वाऱ्याने उडू लागली, म्हणून तिला धरून ठेवायला खाली पोहे आले. ते 'आधार' म्हणून मंजूर झाले. जलेबी 'हवामान-सुधारणा' या सदरात बसली. बाईंनी कढईच गच्चीवर नेली. साहेब स्वतः दिवसातून दोनदा ऊन घेऊ लागले. (ढगाळ दिवशी तीनदा.)

शनिवारी अहवाल आला : शेकडा एकशे चार कर्मचारी निव्वळ उन्हावर तृप्त. (वरचे चार शेजारच्या ऑफिसातले.) प्रयोग यशस्वी, सबब कॅन्टीन बंद.

"मग माझं काय, साहेब?" बाईंनी झारा थांबवून विचारलं.

"प्रेमलताजी," साहेब बोटं चाटत म्हणाले, "तुम्ही आता कॅन्टीनवाल्या राहिल्या नाहीत. तुम्ही वातावरण आहात."

बाईंनी मान डोलावली आणि जलेबीचा नवा घाणा सोडला.

अहवालाच्या शेवटी वनस्पतीची व्याख्याही पक्की केलेली आहे : जी जागची हलत नाही, तोंड सतत उजेडाकडे ठेवते आणि जिला सगळं हातात आणून द्यावं लागतं, ती. मोबाईलच्या उजेडात हे लोळून वाचता वाचता ज्यांनी आत चहासाठी हाक मारली, त्यांनी वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही.