बंद हाय त जळून कावून राहिलं?

मेश्राम काका कुणाच्या घरी गेले की पंखा कुठे आहे ते बघत नाहीत, रिकामी खुर्चीही शोधत नाहीत. दारातच उभे राहून भिंती न्याहाळतात आणि विचारतात, "ते काय जळून राहिलं तिकडे?"

जळत काहीच नसतं. बंद टीव्हीखाली एक तांबडा ठिपका असतो, एवढंच. काका खिशातून काळ्या टेपचं वेटोळं काढतात, दातांनी तुकडा तोडतात आणि घरच्यांना कळायच्या आत तो ठिपका झाकून मोकळे होतात. "बंद हाय त मंग जळून कावून राहिलं?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या गल्लीत अजून कुणाला देता आलेलं नाही.

गल्ली कोहक्यातली, म्हणजे स्टील प्लांटच्या टाउनशिपला लागून असलेल्या वस्तीतली. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले बरेच लोक टाउनशिपच्या सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून इकडे घर बांधतात, तसं काकांनीही बांधलं. मी त्यांची शेजारीण, शाळेत शिकवते. त्यांची नि आमची भिंत एकच आहे, आणि टेप दोन्हीकडे आहे. आमच्या पाण्याच्या फिल्टरला निळा दिवा होता. काकांनी तो झाकला तेव्हा माझे मिस्टर जरा चिडलेच. "काका, टाकी भरली का नाही ते कसं समजन आता?"

"गिलास धरून पाहा," काका म्हणाले.

आमच्याकडे आलेल्या इंटरनेटवाल्याशी तर त्यांचं भांडणच झालं. त्याच्या डब्यावर हिरवे दिवे ओळीने लुकलुकत होते. तो म्हणाला, "अंकल, लाइट नहीं दिखेगा तो पता कैसे चलेगा कि नेट चालू है?" काका म्हणाले, "नेट चालू रहेगा तो नेट चलेगा ना, बाबू." तो पोरगा टेप तशीच ठेवून निघून गेला.

बरं, माणूस अंधाराचा भोक्ता म्हणावा तर तसंही नाही. भीमजयंतीला गल्लीत सगळ्यात जास्त रोषणाई त्यांच्याच घरावर. कुणीतरी त्यावरून चिडवलं, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "ते लाइट लोकायनं पाहावं म्हणून लावले. कपाटामागच्या स्टॅबिलायझरचा लाइट कोणासाठी हाय, सांग बरं?"

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये काढली. समोर दिव्यांचं मोठं पॅनेल. एकदा मला म्हणाले, "तिथं लाइट लागला म्हंजे कोणीतरी बोलावून राहिलं. उठून जाच लागे. आता घरी बसलो त हा मिक्सर मले बोलावून राहिला, ते चार्जर बोलावून राहिलं. अन् जाऊन पाहा, त काम काहीच नाही."

शांता काकू होत्या तोवर या वेडाला लगाम होता. गॅस पेटवायच्या लायटरलासुद्धा काका टेप लावतील, असं त्या म्हणायच्या. मागच्या वर्षी काकू आजारात गेल्या. मुलगा अमित पुण्याला असतो. तो काकांना घेऊन गेला आणि महिन्याभरात काका परत आले. का आलात, असं मी विचारलं तर म्हणाले, "चांगलं ठेवलं बाई त्याहिनं. पण सारेच कामाले जाते. मी एकटाच राहो त्या फ्लॅटमंधी. इथं निदान गल्ली तरी हाय."

मग एका सकाळी काका दूध घ्यायला बाहेर आले नाहीत. मी दार वाजवलं, उत्तर नाही. मिस्टरांनी मागच्या बाजूने आत जाऊन पाहिलं, तर काका स्वयंपाकघरात खाली पडलेले. चक्कर आली होती. शुद्धीत होते, पण उठता येत नव्हतं. किती वेळ तसे पडून होते, ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. काका दवाखान्यातून घरी आल्यावर, पुण्याहून धावत आलेल्या अमितने पहिलं काम केलं ते बैठकीत कॅमेरा लावायचं. कोपऱ्यात, छताजवळ. त्यावर ठळक निळा दिवा.

अमित पुण्याला परतला त्याच आठवड्यात शाळेत मला त्याचा फोन आला. "दीदी, कॅमेरा काळा दिसून राहिला, बाबा फोन नाही उचलत. प्लीज जाके देखो ना."

मी स्कूटर काढली. कोहक्यापर्यंत काय काय मनात आलं ते सांगत नाही. दार उघडंच होतं. काका पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. फोन आतल्या खोलीत. आणि कॅमेऱ्यावर टेप, तीही अशी तिरपी की दिव्याबरोबर काचही झाकलेली.

मला भयंकर राग आला. मी अमितला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काकांच्या हातात दिला.

"बाबा, कावून असं करता? माझी जान निकल गई थी!"

"दिवसभर निळा डोळा वटारून पाहाते ते," काका म्हणाले. "तू मले पाहून राहिला अन् मी तुले नाही पाहू शकत. हे बरोबर हाय का?"

अमित समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबा, निळा म्हणजे फक्त चालू आहे. मी नाही बघत दिवसभर. मी जेव्हा मोबाइलवर बघतो ना, तब वो हरा होता है."

"हिरवा?"

"हो."

"म्हंजे हिरवा असला का तू हाय?"

"हो बाबा."

काकांनी फोन माझ्याकडे परत दिला. शेंगांची परात बाजूला सरकवली. "वर्षा," म्हणाले, "तेवढी टेप काढ बरं. माहा हात नाही पुरत."

स्टुलावर चढून मी टेप काढली.

परवा संध्याकाळी मी वाटीभर भाजी घेऊन गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून जेवायला बसले होते. ताट स्वयंपाकघरात नव्हतं, बैठकीत होतं, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. दिवा हिरवा होता. मी वर बघायला गेले, तर त्यांनी मान खालीच ठेवून हळूच दटावलं.

"तिकडे पाहू नोको. त्याले वाटन, बाबा वाट पाहून राहिले. मंग काम सोडून फोन करत बसन. जेवतानी दिसलो म्हंजे बस झालं त्याले."

ते सावकाश, एकेक घास चावत होते. वर एकदाही पाहिलं नाही. मी भाजीची वाटी ताटाशी ठेवून उभी राहिले. थोड्या वेळाने दिवा निळा झाला. खाली बघणाऱ्या त्या माणसाला ते कसं कळलं कोण जाणे.

"गेला," काका म्हणाले.

हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. भाजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पलंगावरची चादर हाताने सारखी केली.

"बस न थोडी. घाई हाय का तुले?"

मी बसले.