पडण्यासाठी बांधलेला पूल

१७ जानेवारी १९८६, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. हौदावर पूल एक, पुलाच्या तोंडाशी खलनायक एक आणि सभोवार श्वास रोखून उभी असलेली माणसे चाळीस.

“तिसऱ्या फळीवर पाय पडला, की पूल गेलाच म्हणून समजा,” असे ओळंबेरावांनी छातीठोकपणे सांगितले होते. तंत्रनिकेतनातून शिकून आलेले हे गृहस्थ साहसमालिकेचे देखावे उभारीत. काम इतके काटेकोर, की युनिटने त्यांना गवंड्याच्या ओळंब्यावरून हेच नाव दिले होते. आज खलनायक बुडायचा आणि मालिका संपायची. हौद आजच्यापुरताच भाड्याने मिळाला होता. पूल पडला नाही तर पुन्हा तोंड दाखवू नका, असे दिग्दर्शकांनी शांतपणे बजावले होते.

खलनायकाने तिसरी फळी ओलांडली, चौथी ओलांडली आणि उपसलेल्या तलवारीसह तो पैलतीरी सुखरूप पोहोचला! त्याला परत बोलावून उड्या मारायला लावल्या. पूल ढिम्म.

ओळंबेरावांच्या सौभाग्यवती कपडेपट सांभाळीत. तोंडातली टाचणी काढून त्या म्हणाल्या, “अहो, घरातले स्टूलसुद्धा तुम्ही हत्तीच्या मापाने केलेत. तुमच्या हातून पूल पडेल कसा?”

ओळंबेरावांनी खिशातला हिशेबाचा कागद उघडला. खलनायकाचे वजन त्यांनी सवयीने दहाने गुणले होते. सुरक्षिततेसाठी!

ते कबुली देणार, तोच दिग्दर्शक स्वतः पूल तपासायला चढले. खलनायक कंटाळून काठावर जाऊन बसला. दिग्दर्शकांना दोष दाखवायला छायाचित्रकार चढला, त्याला खोडून काढायला सुतार, मग रंगारी, मग ज्याला ज्याला मत होते तो तो. ओळंबेराव मनात मोजू लागले. दहा झाले.

“साहेब, आता कोणी—”

अकरावा म्हणून नायक चढला. हिशेब तंतोतंत बरोबर निघाला!

गडबडीत कॅमेरा चालूच राहिला होता. संध्याकाळी पडद्यावर उसळलेल्या पाण्यात एकाचाही चेहरा ओळखू येईना. काठावर मात्र कोरडा ठणठणीत खलनायक पोट धरून असा हसत होता, की तसे हसणे पटकथेत कोणाला लिहिता आले नसते.

दिग्दर्शकांनी कानातले पाणी झटकले. “याला कोण मारणार हो? ओळंबेराव, दुसरा पूल कधी देता?”

मालिका आणखी बावन्न भाग चालली.